केसांच्या कलपातील पीपीडी

पीपीडी, म्हणजेच पॅराफेनिलीनडायअमीन, हा केस, दाढी आणि मिशा काळ्या करणाऱ्या बहुतेक टिकाऊ कलपांतला मुख्य घटक आहे. पुरुषांच्या प्रसाधनांतील घातक रसायनांचा विषय निघाला की पॅराबेन (माल टिकवणारे रसायन), थॅलेट (सुगंधी मालात वापरले जाणारे रसायन) यांची नावे आधी येतात. त्यांचे दुष्परिणाम मात्र सावकाश होणारे आणि अजून वादात असलेले आहेत. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या माणसाचा चेहरा दोन दिवसांत डोळे मिटण्याइतका सुजू शकतो. म्हणून या रसायनाची माहिती कलप लावणाऱ्या प्रत्येकाला हवी.

शुद्ध पीपीडी पांढरट असते आणि हवा लागली की तपकिरी होत काळपट पडते. कलपाच्या पुडीत किंवा ट्यूबमध्ये तयार काळा रंग नसतो, तो केसाच्या आत तयार होतो. अमोनियासारख्या अल्कधर्मी द्रव्याने केसाचे बाहेरचे खवले उघडतात, पीपीडीचे लहान रेणू आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. मग रिसॉर्सिनॉलसारख्या जोडघटकांशी सांधून त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात. ते केसातून बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुण्याने जात नाही. वाटीत कालवलेला कलप पाहता पाहता गडद होत जातो, तेव्हा हीच क्रिया चालू असते. त्रास होतो तो मुख्यतः या अर्धवट अवस्थेतल्या रेणूंचा. ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागतात.

ही ॲलर्जी उशिरा उमटणारी असते. कलप लावल्यावर लगेच काही होत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड आणि लस येणे सुरू होते. तोवर माणूस कलप विसरलेला असतो आणि दोष खाण्यापिण्यावर किंवा नव्या साबणावर ढकलतो. ‘दहा वर्षे हाच कलप लावतोय, कधी काही झाले नाही’ हे वाक्य त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी ऐकू येते. पण संवेदनशीलता वारंवारच्या संपर्कातूनच तयार होते आणि एकदा आली की सहसा आयुष्यभर राहते. पुरुषांत डोक्यापेक्षा कान, कपाळ, मान, पापण्या आणि विशेषतः मिशी-दाढीखालची त्वचा लवकर बिघडते. तिथे कलप केसांइतकाच कातडीलाही लागतो, आणि वस्तऱ्याने नुकतीच सोललेली त्वचा त्याला सहज आत घेते. काहींच्या चेहऱ्यावर नंतर राखाडी-काळसर डाग राहतात, तर काहींच्या ओठांवर किंवा हनुवटीवर कोडासारखे पांढरे चट्टे उठतात. हे डाग खाजेपेक्षा अधिक काळ छळतात.

या धोक्याचा इतिहास जुना आहे. पीपीडीचा केस रंगवण्यासाठी वापर १९व्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुरू झाला आणि विसाव्या शतकात जर्मनी, फ्रान्स, स्वीडन या देशांनी त्यावर काही काळ बंदीही घातली. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्या रंगवण्याच्या कलपाने काही स्त्रियांची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू झाला. अशा प्रकरणांच्या दबावातून तिथे १९३८ चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा आला. मात्र त्यातही कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या कलपांना (पीपीडीचे कलप याच गटातले) वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर सूट मिळाली. युरोपीय संघात आज केसांना लावतेवेळच्या मिश्रणात पीपीडी जास्तीत जास्त २ टक्के चालते.

भारतातही बंदी नाही, इशारा आहे. पीपीडी असलेल्या कलपाच्या आतल्या व बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर इंग्रजी आणि स्थानिक भाषेत सूचना हवी. कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला थोडा कालवलेला कलप लावून २४ तास थांबावे, ही चाचणी प्रत्येक वेळी करावी, आणि भुवया-पापण्यांना कलप मुळीच लावू नये, कारण अंधत्व येऊ शकते. नियम चांगला आहे. पण सलूनच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती वेष्टन येतच नाही. दाढी झाली की ‘मिशीला डाय मारू का?’ असे विचारले जाते, ब्रश फिरतो आणि पाच मिनिटांत काम उरकते. २४ तासांच्या चाचणीला तिथे जागा नाही. हीच या नियमाची सर्वांत मोठी उणीव म्हणायला हवी.

दुसरी फसगत ‘काळ्या मेंदी’ची. मेंदीच्या पानांतल्या लॉसोन या रंगद्रव्याने केस तांबूस-नारिंगी होतात, एकट्या मेंदीने काळे होत नाहीत. नीळेच्या पानांची पूड जोडीला असेल तर गडद छटा येते, पण त्याला वेळ लागतो. झटपट काळे करणाऱ्या अनेक ‘हर्बल’ पुड्यांत पीपीडीच असते. वेष्टनावरचे ‘अमोनियारहित’ हे शब्दही पीपीडीबद्दल काहीच सांगत नाहीत.

कर्करोगाबाबत भीती मात्र नेमकी हवी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० च्या अहवालात स्वतःपुरता कलप वापरण्याला ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवले आणि केशकर्तनाच्या व्यवसायातील संपर्काला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले. गिऱ्हाइकापेक्षा कारागिराची काळजी करण्याचे हे कारण आहे. उघड्या हातांनी कलप लावणाऱ्या कारागिरांच्या बोटांना भेगा व इसब होते, म्हणून हातमोजे लागतात. कलप पोटात गेला तर गळा सुजून श्वास कोंडतो, स्नायू व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि त्यावर खास उतारा नाही. घरातल्या पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

त्रास सुरू झाल्यास केस भरपूर पाण्याने धुऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. चेहरा किंवा घसा सुजत असेल, श्वास अडत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. निदानासाठी पाठीवर पट्टी चिकटवून चाचणी करतात, त्यात पेट्रोलॅटममध्ये (व्हॅसलीनसारख्या मलमात) मिसळलेले १ टक्का पीपीडी वापरतात. ॲलर्जी ठरलीच तर फक्त ब्रँड बदलून भागत नाही. टोल्युइनडायअमीनसारखी पीपीडीची रासायनिक भावंडे असलेले कलप, बेंझोकेनसारखी बधिर करणारी मलमे आणि कपड्यांतले ‘ॲझो’ गटातले काही गडद कृत्रिम रंग यांनाही तीच त्वचा प्रतिक्रिया देऊ शकते. म्हणून दात काढण्यापूर्वी किंवा कुठलेही बधिर करणारे मलम लावण्यापूर्वी ही ॲलर्जी डॉक्टरांना सांगून ठेवावी.