अल्झायमरचं औषध: ‘चाचणी यशस्वी’ आणि ‘गुण आला’ यांतला फरक

कोव्हिडच्या लशींमुळे मोठ्या चाचण्या बहुतेकांना माहीत झाल्या: हजारो माणसं, काहींना लस, काहींना नुसतं मिठाचं पाणी, मग तुलना. घोळ होतो तो पहिल्या टप्प्याच्या छोट्या चाचणीत. ती ‘यशस्वी’ म्हटलं की औषध सापडलं अशी बातमी फिरते, आणि घरात अल्झायमरचा रुग्ण असलेली माणसं आशेला लागतात. याची मला चीड येते.

डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी बघा. विभाजन थांबलेल्या, पण मरत नसलेल्या म्हाताऱ्या पेशी आसपास दाह पसरवतात. त्या मारायच्या, ही कल्पना. उंदरांत फायदा दिसला. मग अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ५ रुग्णांना १२ आठवडे औषध दिलं: दोन दिवस गोळ्या, चौदा दिवस खंड. २०२३मध्ये निष्कर्ष आले. प्रश्न एवढाच होता, की औषध मेंदूपर्यंत पोचतं का आणि सोसतं का. चौघांच्या मणक्यातल्या पाण्यात (तेच पाणी मेंदूभोवतीही असतं) डासाटिनिब सापडलं, क्वेर्सेटिन कुणाच्याच नाही. उपचार कुणीही अर्धवट सोडला नाही. स्मरणशक्तीत लक्षणीय फरक नव्हता.

‘म्हणजे आजार थांबला!’ नाही. हा आजार वर्षानुवर्षं सरकतो; १२ आठवड्यांत तो औषधाविनाही जागच्या जागी दिसू शकतो. स्मरणशक्तीच्या त्याच चाचण्या पुन्हा दिल्या की सरावानंही गुण वाढतात. आणि इथे औषधाविना ठेवलेला गटच नव्हता.

तो गट किती मोलाचा, हे सेमागासेस्टॅटनं दाखवलं. हे वेगळ्या जातीचं औषध, मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन कमी करणारं. सुरुवातीचे टप्पे पार करून ते तिसऱ्यात गेलं आणि २०१०मध्ये थांबवावं लागलं. दोन्ही गट ढासळत होते, पण औषध घेणारे जास्त. खोटी गोळी घेणारा गट नसता तर सगळा दोष आजारावर गेला असता.

म्हणून मी प्लासिबो (खोटी गोळी) गट असलेल्या दुसऱ्या टप्प्याआधी कुठलाच दावा मानत नाही. डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. त्यानं प्लेटलेट घटतात, फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं. कांद्यात क्वेर्सेटिन असतं म्हणून त्याच्या महागड्या कॅप्सूल आजीला देणाऱ्यांनी वरचं वाक्य परत वाचावं: मणक्यातल्या पाण्यात ते कुणाच्याच सापडलं नाही.