मळीचं पाणी, कंपोस्ट आणि पोटॅश : आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

दुकानात आल्यावर बहुतेक जण कंपोस्ट किंवा पोटॅश खताच्या पोत्यात हात घालतात, वास घेतात आणि विचारतात, "हे डिस्टिलरीच्या घाणीपासूनच केलंय ना?" होय, डिस्टिलरीच्या, म्हणजे मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्याच्या, सांडपाण्यापासूनच. ते कसं होतं हे कळलं, तर घ्यायचं की नाही आणि किती घ्यायचं, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे 'मळी' दोन वस्तूंना म्हणतात. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट पाक ही एक मळी. उसाचा रस गाळताना निघणारा काळपट गाळ ही दुसरी, तिला कारखान्यावर प्रेसमड म्हणतात. या पत्रकात पाकाला मळी म्हटलंय आणि गाळाला प्रेसमड.

मळीत पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवतात, मग तापवून अल्कोहोल काढून घेतात. तळाशी उरतं ते गरम, आंबट, गडद तपकिरी पाणी म्हणजे स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण 8 ते 15 लिटर निघतं. त्याचा बीओडी, म्हणजे कुजताना ते पाण्यातला किती प्राणवायू खाईल याचं माप, लिटरला 40 ते 60 हजार मिलिग्रॅम असतो. घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे. म्हणजे हे एक लिटर दीड-दोनशे लिटर गटाराच्या पाण्याला भारी. ओढ्यात उतरलं की मासे मरतात ते मुख्यतः गुदमरून.

रंगाचं दुखणं वेगळं. गूळ करताना काहिलीच्या कडेला जो तपकिरी थर धरतो, त्याच जातीचा हा रंग. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की तो तयार होतो. जिवाणूंना तो सहज पचत नाही, म्हणून विहिरीत झिरपला की पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि लवकर निवळत नाही.

मग यात शेताच्या कामाचं काय? पोटॅश, म्हणजे पिकाला लागणारं पालाश. उसाने तुमच्या रानातून उचललेला पोटॅश साखरेच्या दाण्यात जात नाही, अल्कोहोलच्या वाफेबरोबर उडतही नाही. तो मळीत उतरतो आणि तिथून स्पेंटवॉशमध्ये. माल तुमचाच आहे, फक्त वाईट पाण्यात अडकलाय. तो सोडवून पोत्यात भरणं हा आमचा धंदा.

टँकर फुकट मिळाला तरी

"मग टँकरच रानात रिकामा केला तर?" हे आम्हाला दर हंगामात कुणीतरी विचारतं. करू नका. कच्च्या स्पेंटवॉशचा सामू (पीएच) 4 च्या आसपास, म्हणजे आंबट असतो, क्षारही भरपूर. एकाच जागी ओतलं तर मुळांभोवतीचा प्राणवायू संपतो, जमीन खारावते, आणि काळ्या रानात निचरा कमी असेल तर ते निस्तरायला वर्षं जातात. शिवाय खालच्या शेजाऱ्याची विहीर. डिस्टिलऱ्यांनाही हे पाणी सोडून द्यायची मोकळीक नाही. 2003 च्या केंद्रीय कार्यक्रमानेच त्यांना 2005 अखेरपर्यंत नदी-नाल्यात स्पेंटवॉश सोडणं शून्यावर आणायला सांगितलं होतं.

पोत्यात येईपर्यंत

बऱ्याच ठिकाणी स्पेंटवॉश आधी बंद टाकीत सोडतात. तिथले जिवाणू त्यातून गॅस काढतात, तो बॉयलरला जळणाला जातो आणि बीओडी बराच उतरतो. रंग आणि पोटॅश मात्र तसेच राहतात. पुढे दोन वाटा.

पहिली कंपोस्टची. प्रेसमडचे लांब ढीग लावतात, त्यावर स्पेंटवॉश थोडं थोडं फवारतात आणि यंत्राने ढीग पालटत राहतात. आतली उष्णता पाणी उडवते, पोटॅश ढिगात राहतो. दीड-दोन महिन्यांत खत पिकतं. पावसाळ्यात हे उघड्यावर जमत नाही, ढिगातून काळं पाणी वाहतं. म्हणून ताजं कंपोस्ट उन्हाळ्यात न्यायला या. ऑगस्टमध्ये "ताजं आहे" असं कुणी सांगितलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

दुसरी वाट भट्टीची. स्पेंटवॉश आटवून काकवीसारखं दाट करतात आणि बगॅस (उसाची चिपाडं) किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पोटॅश उरतो. तिचे दाणे केले की झालं पीडीएम, म्हणजे मळीपासूनचा पोटॅश. 2021 मध्ये केंद्राने ते खत अनुदान योजनेत घेतलं. त्यात पोटॅश किमान 14.5 टक्के असावा लागतो.

हिशेब, आमच्या तोट्याचा असला तरी

एमओपीत, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश या नेहमीच्या खतात, पोटॅश 60 टक्के. म्हणजे 50 किलोच्या पोत्यात 30 किलो; पीडीएमच्या तेवढ्याच पोत्यात सव्वासात. एमओपीचं एक पोतं म्हणजे पीडीएमची चार, थोडी वरच. सुरू उसाला एकरी 46 किलो पोटॅश धरला, तर एमओपी दीड पोतं लागतं, पीडीएम सहा-साडेसहा. तेव्हा पोत्याचा भाव विचारू नका, किलो पोटॅशचा विचारा. भाडं-हमाली धरून आमचं पोतं एमओपीच्या पावपटीपेक्षा महाग पडत असेल, तर खुशाल एमओपी घ्या. कंपोस्टला हा हिशेब लावू नका; त्यात पोटॅश दोन-तीन टक्केच, ते घ्यायचं सेंद्रिय कर्बासाठी.

वापरताना

पीडीएम ही राख आहे, अल्कधर्मी. युरिया किंवा अमोनियम सल्फेटमध्ये कालवून ठेवू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं. उसाला निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला, सरीत मातीआड करून द्या. जमीन खारपड किंवा चोपण असेल तर माती तपासल्याशिवाय आम्ही पीडीएम देत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं रागावतात, त्याला इलाज नाही.

कंपोस्ट घेताना ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं किंवा आंबट-गोड मळीचा वास आला, तर ते अजून कच्चं आहे. पिकलेल्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो.

मक्याच्या डिस्टिलरीचा चोथाही विचारतात. तो आमच्याकडे नाही. तो वाळवून डीडीजीएस नावाने पशुखाद्यात जातो.

येताना माती तपासणीचा कागद आणा. नसेल तर आधी मातीचा नमुना द्या, पोती नंतर भरू.