लस आणि नसबंदीचा खर्च: फोन करण्याआधी एवढं वाचा

‘कुत्रीच्या नसबंदीचे किती घेता?’ असा फोन रोज येतो. आम्ही उलट विचारतो, ‘वजन किती?’ आणि पलीकडे शांतता पसरते. दर सांगायला टाळाटाळ करतोय असं वाटू नये, म्हणून सगळे आकडे इथेच छापून टाकले आहेत.

आधी लशी. कुत्र्याची एकत्रित लस (पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ वगैरे मिळून) ८०० रुपये, मांजराची ९५० आणि रेबीजची ३५०. पिल्लू दोन महिन्यांचं असताना आणलंत, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात एकत्रित लस, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत सोबत रेबीज. कुत्र्याच्या पिल्लाचे मिळून ३,१०० रुपये, पुढे दरवर्षी १,१५०. ‘एकच लस तीनदा कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लशीला निकामी करते. ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून चार महिने पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एक डोस देऊन पिल्लाला गल्लीत सोडलं आणि पार्व्हो झाला, तर आठवडाभराच्या सलाईनचं बिल लशीच्या कितीतरी पट होतं, आणि तरी पिल्लू वाचेलच असं नाही.

लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. आमच्या फ्रीजला इन्व्हर्टर आहे. बाहेरून स्वतः विकत आणलेली लस आम्ही टोचत नाही, ती यासाठीच. उन्हातून पिशवीत घालून आणलेल्या बाटलीची खात्री कोण देणार?

आता नसबंदी. बोका ३,०००, मांजरी ४,५००. कुत्रा दहा किलोपर्यंत ५,०००, कुत्री ६,५००. दहा ते पंचवीस किलोची कुत्री ८,५००, त्यावर ११,०००. मोठ्या नर कुत्र्यांचा दर वजन करून सांगतो. मादीचे जास्त का, तर तिचं पोट उघडून गर्भाशय आणि बीजकोश काढावे लागतात. नराचं काम बाहेरच्या बाहेर होतं. नराचं एक वृषण (गोळी) पोटातच अडकलेलं असेल तर मात्र त्याचाही खर्च मादीइतकाच. भूल, सलाईन, वेदनाशामक, गळ्यातली कॉलर, दहाव्या-बाराव्या दिवशी टाके काढणं हे सगळं यात आलं. रक्ततपासणीचे ९०० वेगळे. ती आम्ही सोडू देत नाही. आपल्याकडे गोचीडतापाची कुत्री वरून ठणठणीत दिसतात आणि आतून प्लेटलेट घसरलेल्या असतात. अशा कुत्रीचं पोट उघडलं तर रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतात.

यापेक्षा स्वस्तात होतं का? होतं. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात फी नाममात्र असते. परवडत नसेल तर तिथे जरूर चौकशी करा, त्यात आम्हाला वाईट वाटत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, त्यासाठी नगरपालिकेत अर्ज करा.

आता ज्यासाठी हे पत्रक खरं तर छापलं, ते. नसबंदीच्या दिवशी जनावर उपाशीपोटी आणा. हे आम्ही तारीख देताना सांगतो, आदल्या संध्याकाळी मेसेज करतो, आणि तरी सकाळी साडेआठला टेबलाजवळ ऐकू येतं: ‘डॉक्टर, काही नाही हो, फक्त अर्धी पोळी दिली.’ कधी चहात बुडवलेलं बिस्कीट असतं. कधी आणणाऱ्याला पत्ताच नसतो, कारण आजींनी पहाटे पाचला उठून वाटीभर दूध पाजलेलं असतं. ‘बिचारं उपाशी कसं जाईल?’

भुलीच्या औषधाने उलटी होऊ शकते आणि गुंगीत गिळण्याची क्रिया थांबते. मग ती अर्धी पोळी घशातून फुप्फुसात जाते. शस्त्रक्रिया छान होते आणि जनावर दोन दिवसांनी न्यूमोनियाने जातं. म्हणून पोटात काही आहे म्हटलं की आम्ही त्या दिवशी हात लावत नाही. वाईहून, कोरेगावहून गाडी करून आलेल्या माणसाला परत पाठवताना आम्हालाही बरं वाटत नाही. त्याची सुट्टी वाया जाते, आमची तासाभराची जागा रिकामी राहते आणि पुढची तारीख आठ-दहा दिवसांनी मिळते.

मध्यंतरी आम्ही अशा वेळी ५०० रुपये घ्यायला सुरुवात केली होती. झालं काय, लोक खोटं बोलू लागले. एका मांजरीने भूल दिल्यावर अख्खा मासा बाहेर काढला तेव्हा तो दंड त्याच दिवशी बंद केला. आता खरं सांगितलंत तर एक रुपयाही घेत नाही.

तर, शेवटचं जेवण रात्री दहाच्या आत. पाणी सकाळी सहापर्यंत चालेल, दूध नाही. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा मधुमेह असलेलं जनावर असेल तर वेळ आम्हाला विचारा, लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. फ्रीजवर चिठ्ठी लावा, आजींना स्वतः सांगा. मांजर बाहेर फिरणारं असेल तर रात्री न्हाणीघरात कोंडा, नाहीतर ते उंदीर खाऊन येतं आणि तुम्ही शपथेवर सांगता की काही दिलं नाही.

कुत्री माजावर असेल तर तारीख घेऊ नका; तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दोन-तीन महिने थांबा. मांजरीबाबत उलट घाई करा. ती पाचव्या महिन्यातही गाभण राहते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा. नसबंदी न झालेल्या वयस्क मादी कुत्र्यांच्या गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि मग हीच शस्त्रक्रिया रात्री-अपरात्री, जिवावरच्या जोखमीने आणि दुपटीहून जास्त खर्चात करावी लागते.

नसबंदी मंगळवारी आणि शुक्रवारी. एका घरातली दोन मांजरं एकाच दिवशी आणलीत तर दुसऱ्याचे ५०० कमी. लशीचं कार्ड आणा, महापालिका हद्दीत कुत्र्याचा परवाना काढताना रेबीजच्या लशीचा दाखला मागतात, तो आम्ही लगेच देतो. मांजर हातात धरून आणू नका, झाकणाची टोपली आणा. आणि जनावराचं वजन घरीच करायचं असेल तर त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. तो आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवलात की दर लगेच कळवतो.