बिल्डला फार वेळ लागतोय? नवीन मशीन घ्यायच्या आधी हे वाचा

भोसरी-तळवड्याच्या एम्बेडेडवाल्यांपासून खराडीच्या जावा टीमपर्यंत बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचं काम) हळू होतोय म्हणून सल्ल्याला येणारे बहुतेक जण आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतात, की कुठलं मशीन घेऊ. आमचं म्हणणं, आधी बिल्ड चालू असताना विंडोजवर टास्क मॅनेजर किंवा लिनक्सवर एचटॉप उघडून बघा. प्रोसेसरचा एकच कोअर पळतोय आणि बाकीचे रिकामे बसलेत असं दिसलं तर तुमच्याकडे वेग आहेच, तो फक्त वापरला जात नाहीये.

मेक, निन्जा, मेव्हन, ग्रेडल ही बिल्ड चालवणारी टूल्स. मेक मुळात एका वेळी एकच काम करतं, त्याला मायनस जे आणि पुढे आकडा दिला की तेवढी कामं एकदम चालतात. निन्जाला हे सांगावं लागत नाही, ते आपणहून कोअर बघून घेतं. मेव्हनला मायनस टी वन-सी दिलं तर कोअरमागे एक थ्रेड. ग्रेडलमध्ये पॅरलल, म्हणजे अनेक कामं एकदम चालवणं, बाय डिफॉल्ट बंद असतं, ते ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये ट्रू करायचं, पण सगळा कोड एकाच मोठ्या मॉड्यूलमध्ये असेल तर फारसा फरक पडणार नाही, आधी मॉड्यूल वेगळे करावे लागतात. आणि तिथेच ग्रेडल डेमनची, म्हणजे मागे चालू राहणाऱ्या त्याच्या प्रोसेसची, मेमरीपण बघा, ती मुळात फक्त ५१२ एमबी असते, मोठ्या प्रोजेक्टला पुरत नाही.

आता मेकला जॉबचा, म्हणजे एकदम चालवायच्या कामांचा, आकडा किती द्यायचा, तर इथे लोक फक्त कोअर मोजतात आणि रॅम विसरतात. टेम्प्लेट भरपूर असलेला सी प्लस प्लस कोड असेल तर एकेक जॉब एक-दीड जीबी सहज खातो, १६ जीबीच्या लॅपटॉपवर १६ जॉब सोडले की मशीन स्वॅपला लागतं, म्हणजे रॅम संपून डिस्क वापरायला लागतं, आणि बिल्ड आधीपेक्षा हळू होतो. अशा कोडला दोन जीबीमागे एक जॉब धरा, साध्या सी कोडला कोअरइतके चालतात. मायनस जे पुढे आकडाच न देणं मात्र टाळा, मग मेक काही मर्यादाच ठेवत नाही.

पॅरलल केल्यावर बिल्ड कधी पास कधी फेल व्हायला लागला तर घाबरू नका आणि कृपया परत एका जॉबवर जाऊ नका. नेहमीचं कारण म्हणजे मेकफाइलमध्ये एखादी डिपेंडन्सी, म्हणजे कशाआधी काय व्हायला हवं ते, लिहिलेलीच नाही, समजा कॅन (गाडीतल्या कंट्रोलरांचं नेटवर्क) मेसेजची हेडर फाइल स्क्रिप्टने तयार होते आणि ती वापरणाऱ्या सी फाइलला हे सांगितलेलंच नाही, आजवर क्रमाने चालत होतं म्हणून निभावलं. ती एक ओळ लिहिली की झालं. अशा जागा हुडकायला मेक ४.४ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, शफल ऑप्शन आहे, ते कामांचा क्रम मुद्दाम उलटापालटा करतं, आम्ही ते आवर्जून वापरतो.

एक मर्यादा मात्र खरंच आहे. १० मिनिटांच्या बिल्डमध्ये २ मिनिटं लिंकिंगची (शेवटी सगळे तुकडे जोडायच्या एकाच कामाची) असतील तर उरलेली ८ मिनिटं ८ कोअरवर वाटून उत्तमात उत्तम ३ मिनिटं होतात, १६ कोअरवर अडीच. दुप्पट पैसे घालून अर्धं मिनिट वाचलं. वाढपी कितीही वाढवा, भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. तेव्हा तिथून पुढे कोअर नकोत, लिंकर बदला, लिनक्सवर एलएलडी किंवा मोल्ड लावून बघा.

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो काम परत न केल्याने. दरवेळी क्लीन मारायची, म्हणजे आधीचं सगळं पुसून नव्याने बिल्ड करायची, सवय सोडा. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं टूल) लावलात तर ब्रँच बदलून परत आल्यावर जुन्याच ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे, मिळतात. आणि हे जरूर तपासा, सगळीकडे इन्क्लूड होणाऱ्या हेडरमध्ये कोणी बिल्डची तारीख-वेळ लिहीत असेल तर दर बिल्डला सगळा प्रोजेक्ट नव्याने कंपाइल होतो, ती वेळ एका छोट्या वेगळ्या सी फाइलीत हलवा. विंडोजवर अँटिव्हायरस प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल तपासत बसतो, तुमच्या आयटीवाल्यांना विचारून बिल्डचं फोल्डर वगळून घ्या.

आमच्याकडे येताना तीन गोष्टी आणा: क्लीन बिल्डचा वेळ, एकच फाइल बदलून केलेल्या बिल्डचा वेळ, आणि मशीनचे कोअर व रॅम. ग्रेडल असेल तर प्रोफाइल ऑप्शन लावून निघालेला रिपोर्टपण. एवढं हातात असलं की पहिल्याच भेटीत सांगता येतं, सेटिंग बदलायचंय की खरोखरच मशीन.