भूतपातली रिकामी जागा: महापोकळ्या सापडल्या कशा

मे महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभावाने एक फोटो टाकला. खच्चून भरलेल्या ताऱ्यांच्या मधोमध एक काळाकुट्ट डाग आणि खाली हिंदीत मजकूर: ब्रह्मांडातलं भगदाड, ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंद, आत काही म्हणजे काहीच नाही. दुपारपर्यंत दौलतगंजच्या काकूंपासून पुण्याच्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांचे हात जोडून झाले होते.

फोटो खरा आहे, मजकुरातली रुंदीही खरी आहे. फक्त दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तो डाग म्हणजे बर्नार्ड ६८. आपल्याच आकाशगंगेत, भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर असलेला धुळीचा ढग. जेमतेम अर्धा प्रकाशवर्ष रुंद. मागचे तारे तो झाकतो म्हणून काळा दिसतो. म्हणजे जिथे काहीच नाही म्हणून फोटो फिरतोय, तिथे उलट बरंच काही साठलेलं आहे. ३३ कोटी प्रकाशवर्षांची पोकळी भूतप तारकासमूहाच्या दिशेला आहे, आणि तिचा असा फोटो कुणालाच काढता येणार नाही. तिच्या दिशेला दुर्बीण लावली तर आधी आपल्याच आकाशगंगेतले तारे येतात, मग पोकळीच्या अलीकडच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच ताऱ्यांचे अफाट पुंजके, आणि मग पलीकडच्या. चित्र भरलेलंच दिसतं. पोकळी सापडते ती प्रत्येक दीर्घिकेचं अंतर मोजल्यावर, कागदावर.

पाहुणे आले की आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक त्यांना किल्ला दाखवायला नेतो. ग्वाल्हेर गेटकडून चढताना वाटेत कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, तिथला इ. स. ८७६ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. देवाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात, रोजच्या माळा ५०, असा त्यात हिशेब आहे आणि दोन्ही आकड्यांत शून्य कोरलेलं आहे. बाकीच्या अंकांपेक्षा लहानसा गोल. पाहुणे हमखास विचारतात, “एवढंच?” एवढंच. शेजारी २ आणि ७ आहेत म्हणून तो गोल शून्य आहे, नाहीतर छिन्नी घसरली असं वाटलं असतं. भूतपातल्या पोकळीचंही काम असंच चालतं. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे हाती आले तेव्हाच मधली जागा रिकामी ठरली.

आकडे हाती यायलाच वेळ लागला. दीर्घिकेचं अंतर ताम्रसृतीवरून काढतात. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती लांब जाते आणि तितक्या तिच्या वर्णपटातल्या (प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या) रेघा तांबड्या टोकाकडे सरकतात. १९२९ मध्ये एडविन हबलने हे नातं मांडलं, पण एका अंधुक दीर्घिकेचा वर्णपट काचेच्या फोटोप्लेटवर उमटवायला दुर्बीण तासन्‌तास एकाच ठिकाणी धरून बसावं लागे. त्यामुळे मोजदाद मागे राहिली आणि नकाशे सपाटच बनत गेले. जॉर्ज एबेलने १९५८ मध्ये २७१२ दीर्घिकासमूहांची यादी केली तीसुद्धा फोटोप्लेटा डोळ्यांनी तपासून. कोण कुणाच्या पुढे, कोण मागे, हे त्यात पक्कं कळत नव्हतं. समूहांचे महासमूह असतात का, यावरच त्या काळात वाद होते. महासमूहांच्या मधल्या जागेला कोण विचारतो!

१९७० च्या दशकात प्रकाश वाढवून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नळ्या दुर्बिणींना लागल्या आणि कामाला वेग आला. सप्टेंबर १९७७ मध्ये, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियातल्या टालिन शहरात परिषद भरली. तिथे योएवेर आणि आइनास्टो यांनी प्रश्न टाकला की विश्वाची रचना पेशींसारखी आहे का, म्हणजे भिंती दीर्घिकांच्या आणि आतला भाग मोकळा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्रेगरी आणि थॉम्पसन यांनी अरुंधती केश आणि सिंह या दिशांच्या २३८ दीर्घिकांची अंतरं छापली. दोन मोठे समूह एका पुलाने जोडलेले निघाले आणि त्यांच्या अलीकडे चक्क मोकळी मैदानं. आधी कुणाला दिसलं यावर दोन्ही बाजूंनी पुढे बरंच लिहिलं गेलं. मला विचाराल तर कल्पना टालिनची, पण पुरावा म्हणून त्या २३८ आकड्यांचं वजन जास्त.

तरी गाजली ती भूतपातली पोकळी, १९८१ मध्ये. किर्शनर, ओम्लर, शेक्टर आणि शेक्टमन हे चौघे पोकळी शोधायला निघालेच नव्हते. दीर्घिका सरासरी किती दाट आहेत हे मोजण्यासाठी त्यांनी आकाशातले एकमेकांपासून लांब असलेले छोटे तुकडे निवडले होते. त्यातल्या तीन तुकड्यांत एकाच ठिकाणी खिंडार दिसलं: सेकंदाला १२,००० ते १८,००० किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिका जवळपास नाहीतच.

हे टेबलावर कसं दिसत असेल? कॅल्शियमची एक ठळक रेघ प्रयोगशाळेत ३९३ नॅनोमीटरवर असते. अलीकडच्या दीर्घिकांत ती ४०९ च्या आत सापडते, पलीकडच्यांत ४१७ च्या पुढे. मधल्या आठ नॅनोमीटरमध्ये ती रेघ सापडेचना. कोट्यवधी प्रकाशवर्षांची ओसाडी आठ नॅनोमीटरच्या पट्टीत मावली होती. पण फक्त तीन भोकांतून डोकावून मधला सगळा वाडा रिकामा आहे असं कसं म्हणणार? म्हणून त्यांनी त्याच भागात आणखी कितीतरी छोटे तुकडे तपासले, आणि १९८७ पर्यंत पोकळी पक्की झाली. आत पुढे साठेक दीर्घिका सापडल्या. सरासरीने पाहिलं तर त्या हजारांनी असायला हव्या होत्या. आपली आकाशगंगा त्या पोकळीच्या मध्यावर असती, तर इतर दीर्घिका असतात हे आपल्याला १९६० च्या दशकापर्यंत कळलंच नसतं, असं ग्रेग आल्डरिंग या खगोलशास्त्रज्ञाने म्हटलं आहे.

दरम्यान १९८६ मध्ये द लापारां, गेलर आणि हुक्रा यांनी आकाशाच्या सहा अंश रुंद पट्ट्यातल्या सुमारे ११०० दीर्घिकांचा नकाशा छापला. तो बघून भांडी घासतानाचा फेस आठवतो: दीर्घिका बुडबुड्यांच्या पापुद्र्यावर, आत हवा. तिथून पुढे पोकळी ही एखाददुसरी नवलाई राहिली नाही, विश्वातली बहुतेक जागा तिनेच व्यापलेली निघाली. पुढचं सारं यंत्रांचं. २००० साली सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणात अॅल्युमिनियमच्या ताटलीला ६४० भोकं पाडून प्रत्येकात हाताने प्रकाशतंतू खोचत. अॅरिझोनात २०२१ पासून चालू असलेल्या डेसी या सर्वेक्षणात हेच काम ५००० छोटे यंत्रमानव करतात. स्लोनच्याच नोंदींतून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा सरस्वती महासमूह शोधला.

अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. एक तर पोकळीत ज्या दीर्घिका असतात त्या बहुधा लहान, निळसर, मंद. दुर्बिणीला दिसल्या नाहीत म्हणून नाहीतच, असं म्हणता येत नाही. दुसरं, पोकळीतला माल हळूहळू भिंतींकडे ओढला जातो. अलीकडची भिंत थोडी आपल्याकडे सरकते आणि पलीकडची दूर; ताम्रसृतीत हे वेग मिसळतात, आणि पोकळी आपल्या दिशेने ताणल्यासारखी दिसते. शिवाय पोकळीची कड कुठे धरायची यावर एकमत नाही. प्रत्येक गटाची रीत निराळी, त्यामुळे एकाच नकाशातून निघणाऱ्या पोकळ्यांची संख्याही निराळी. हा मला सगळ्यात मजेशीर भाग वाटतो: जमिनीच्या मोजणीत बांधावरून भांडणं होतात तशीच ही.

सगळ्यात अवघड पोकळी सगळ्यात जवळची आहे. १९८७ मध्ये टली आणि फिशर यांनी दाखवून दिलं की आपल्या दीर्घिकांच्या टोळीला लागूनच एक पोकळी सुरू होते. २००८ मध्ये टली यांच्या गटाने हिशेब मांडला की तिच्यामुळे आपण सेकंदाला सुमारे २६० किलोमीटर वेगाने तिच्यापासून दूर ढकलले जातोय. म्हणजे पलीकडचा माल ओढतोय आणि इकडे ओढायला कुणी नाही. पण तिचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेच्या धुळीआड आहे. धुळीतून आरपार येणाऱ्या, हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर रेडिओ लहरींनी तिथे चाचपडावं लागतं.

आतेभावाला मी एवढं सगळं लिहिलं नाही. मेच्या अखेरीस रात्री नऊला गच्चीवर ये, म्हटलं. उकाड्याने झोप नाहीतरी येत नाहीच. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की जवळजवळ डोक्यावर नारिंगी स्वाती. तिथून उत्तरेकडे हात लांब करून पावणेतीन मुठी मोजल्या की भूतपातल्या पोकळीचा मध्य. ती जागा त्याला बाकी आकाशासारखीच दिसली. दहा वाजता पूर्वेला श्रवण वर आला तेव्हा गरुड आणि शौरी यांच्या मधल्या भागाकडे बोट दाखवून मी म्हटलं, “दुसरी, आपल्या शेजारची, तिकडे.” तो म्हणाला, “तिथे तर धुरकट काहीतरी दिसतंय.” ते शहराच्या दिव्यांचं होतं.