दगडाचं आडनाव आणि दगडाचं गाव

ठाण्यात नवीन शेजारी आला की आपण आधी आडनाव विचारतो आणि मग 'मूळ गाव कुठलं?' वेंगुर्लेकर असेल तर दुसरा प्रश्न उरतच नाही. जाधव असेल तर मात्र विचारावंच लागतं. दगडांचंही असंच आहे. खडकाचा प्रकार हे त्याचं आडनाव आणि तो ज्या डोंगरातून निघाला ते त्याचं गाव. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या, म्हणजे प्रचंड दगड उभे करून रचलेल्या प्राचीन वर्तुळाच्या, बातम्या वाचताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते.

तिथले लहान 'ब्लूस्टोन' बरेचसे वेंगुर्लेकर. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की त्यातली खनिजं ओळखता येतात. त्यावरूनच १९२३ मध्ये हर्बर्ट टॉमस यांनी दाखवलं, की फिकट ठिपक्यांचा हा डोलेराइट नावाचा खडक वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांचा आहे. असे ठिपके फार क्वचित आढळतात, त्यामुळे आडनावातच गाव सापडलं.

मोठे, सरासरी २० टनांचे 'सार्सन' दगड मात्र जाधव! जवळजवळ निव्वळ सिलिका. चकतीत जिकडेतिकडे क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचंच खनिज. त्यांचं गाव सापडलं ते एका जुन्या नमुन्यामुळे. १९५८ च्या दुरुस्तीत एका दगडाला भोक पाडताना निघालेली लांब कांडी रॉबर्ट फिलिप्स या कामगाराने जपून ठेवली होती. ती २०१८ मध्ये परत आली. आज त्या दगडाला कुणी छिन्नीही लावू देणार नाही, म्हणून ती कांडी मला सोन्याहून मोलाची वाटते. तिच्यातल्या अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांचा मेळ डेव्हिड नॅश यांच्या चमूने २०२० मध्ये २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या रानातल्या दगडांशी जुळवला.

मधल्या 'ऑल्टर स्टोन'चं आडनाव वालुकाश्म, हे बरोबरच होतं. गाव मात्र अनेक दशकं वेल्स समजलं जायचं. २०२४ मध्ये त्यातल्या झिरकॉनसारख्या खनिजांच्या कणांची वयं मोजली, तेव्हा ते थेट ईशान्य स्कॉटलंड निघालं, किमान ७५० किलोमीटर दूर.

आता आपल्याकडे या. पारसिकचा डोंगर, तुर्भ्याच्या दगडखाणी, १०६० मधलं अंबरनाथचं शिवमंदिर, सगळीकडे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. चकती करून फारतर आडनावाची खात्री पटेल. रसायनांवरून लाव्ह्याचे थर वेगळे काढता येतात, पण एकेक थर कित्येक मैल पसरलेला. त्यामुळे दगडाचा तालुका कळेल, गाव मात्र त्या डोंगरात जुन्या छिन्नीच्या खुणा शोधूनच काढावं लागेल.