शिराकामीचं बीचवन कसं वाचलं

जपानच्या होन्शू बेटावर, पार उत्तरेकडे, आओमोरी आणि आकिता या दोन प्रांतांच्या सीमेवर शिराकामी-सांची ही डोंगररांग आहे. शिखरं फार उंच नाहीत, साडेबाराशे मीटरच्या आतबाहेर. पण उतार अतिशय तीव्र, दऱ्या अरुंद आणि हिवाळ्यात बर्फ प्रचंड. या उतारांवर बीच या रुंद पानांच्या पानझडी वृक्षांचं जंगल आहे. हिमयुग ओसरल्यावर, आठ ते बारा हजार वर्षांपूर्वी, ते इथे पसरलं. 1993 च्या डिसेंबरमध्ये त्यातलं 16,971 हेक्टर क्षेत्र युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. नैसर्गिक वारसा म्हणून मान मिळालेली जपानमधली पहिली ठिकाणं दोन: याकुशिमा बेट आणि हे जंगल.

अशी बीचवनं एकेकाळी उत्तर जपानभर होती. बीचचं लाकूड वाळताना वाकतं आणि लवकर कुजतं, म्हणून पूर्वी त्याला फारसं कुणी विचारत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. घरबांधणीला लाकूड हवं होतं आणि कागद गिरण्यांना लगदा. सरकारनं नैसर्गिक जंगलं तोडून तिथे सुगी या सरळसोट वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाची लागवड करण्याचं धोरण घेतलं. काही दशकांत डोंगरच्या डोंगर एकाच झाडाचे झाले. शिराकामीचा गाभा तेवढा सुटला, आणि तोही कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तिथवर पोचणं कठीण होतं म्हणून.

ती अडचण दूर करण्यासाठीच जंगलातून सुमारे 30 किलोमीटरचा रस्ता काढायचं ठरलं. आओमोरीतलं निशिमेया आणि आकितातलं हाचिमोरी जोडणाऱ्या या सेइशू वनरस्त्याचं काम 1982 मध्ये सुरू झालं. निसर्गप्रेमी संघटनांनी लगेच विरोध केला. दुर्मीळ काळा सुतार पक्षी, सोनेरी गरुड आणि काळं अस्वल यांचं हे घर आहे, हा त्यांचा मुद्दा खराच होता. तरी लढाईचं पारडं फिरलं ते पाण्यामुळे.

आकिताच्या बाजूला फुजिसातो गावच्या लोकांनी आपल्या नदीच्या उगमाची काळजी पुढे केली, तेव्हा रस्त्याची आखणी आओमोरीकडे सरकवली गेली. आता तो आकाइशी नदीच्या उगमावरून जाणार होता. या खोऱ्यातल्या लोकांना डोंगर काय करू शकतो हे ठाऊक होतं: 1945 च्या मार्चमध्ये इथल्या एका वस्तीवर चिखलगाळाचा लोंढा येऊन 80 हून अधिक माणसं दगावली होती. बीचखालचा पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, झाडी गेली की माती सुटते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 1987 मध्ये त्या पट्ट्यातलं संरक्षित वनाचं आरक्षण उठवायची प्रक्रिया निघाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक लेखी हरकती दाखल झाल्या. त्यातल्या हजाराहून जास्त याच खोऱ्यातल्या रहिवाशांच्या होत्या, आणि मला त्यांचंच मोल जास्त वाटतं. आओमोरीचे राज्यपाल कितामुरा मासाया यांनी प्रकल्पाबद्दल जाहीर शंका व्यक्त केली आणि काम थांबलं. 1990 मध्ये वनखात्यानं गाभा राखीव केला. तीन वर्षांनी वारशाचा दर्जा आला.

इथवरची गोष्ट समाधानाची आहे. पुढची तशी नाही.

या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारे लोक म्हणजे मातागी शिकारी. वसंतात बर्फ घट्ट झालं की ते अस्वलाच्या मागावर निघत, रानदेवीचे नियम पाळत, शिकार वाटून घेत. रानभाज्या, अळंबी, नदीतले मासे याच रानातून येत. वारशाचा दर्जा मिळाल्यावर आकिताच्या बाजूनं गाभ्यात जाणं जवळपास बंदच झालं. आओमोरीकडे 1997 पासून ठरावीक 27 वाटांनी, परवानगी काढून जाता येऊ लागलं. पुढे परवानगीऐवजी आगाऊ सूचना पुरेशी झाली. 2004 मध्ये क्षेत्र वन्यजीव संरक्षणाखाली आलं आणि शिकार थांबली. ज्यांनी रस्ता एकत्र अडवला, त्यांच्यातच या बंदीवरून दोन तट पडले. कुऱ्हाड आणि यंत्रं रोखणं आवश्यकच होतं. पण रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसांना पर्यटकांच्याच रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. काही मातागी नंतर वाटाडे झाले. निशिमेयातल्या सुनाकोसे आणि कावाराताई या त्यांच्या वस्त्या तर धरणासाठी दोनदा उठल्या. दुसरं, त्सुगारू धरण, 2016 मध्ये पूर्ण झालं.